वाखाला राळ धरावी म्हणून : पिकांच्या तंतूंवरील रासायनिक प्रक्रिया



केळीचा घड उतरला की खोड उरते. अंबाडीचा पाला भाजीला गेला की काड्या उरतात. बांधावरच्या घायपाताला तर कुणी विचारतही नाही. पूर्वी या सगळ्यांतून वाख निघायचा आणि त्याची दावी, कासरे, सोल, शिंकी व्हायची. नायलॉनची दोरी आली आणि वाख वळणारे हात थांबले. आता याच वाखाची चौकशी वेगळ्या कामासाठी होऊ लागली आहे. प्लॅस्टिकमध्ये किंवा राळेमध्ये वाख मिसळून दारे, पत्रे, फळ्या, मोटारीच्या आतील अस्तराचे भाग तयार करता येतात. अशा पदार्थाला संमिश्र पदार्थ म्हणतात. कारखान्यात त्याला कंपोझिट म्हणतात.

पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर या दोन धरणांच्या पाण्याने परभणी-हिंगोली भागातील शेतीचे रूप पालटले. येलदरीचे काम १९६८ मध्ये पूर्ण झाले. खाली वसमत भागात ऊस, हळद आणि केळी आली, तर वर जिंतूर तालुक्यातील हलक्या, उताराच्या जमिनीत आजही अंबाडी, ताग आणि घायपात सहज येतात. म्हणजे कच्चा माल आपल्या दाराशी आहे. त्यामुळे ‘वाखावर रासायनिक प्रक्रिया करा आणि चढ्या भावाने विका’ असा सल्ला आपल्या कानावर येणारच. ही प्रक्रिया काय आहे, ती का करतात आणि ती येलदरीच्या पाणलोटात करावी का, हे आधी नीट समजून घेणे बरे.

मातीच्या भिंतीतला भुसा

संमिश्र पदार्थ आपल्याला नवा नाही. आपल्याकडे माळवदाच्या घरांच्या भिंती लिंपताना मातीत गव्हाचा भुसा कालवतात. नुसती माती वाळली की तडकते. भुसा तिला धरून ठेवतो. भुशाला स्वतःचा आकार नसतो, तो माती देते. एकाने बळ द्यायचे, दुसऱ्याने आकार द्यायचा आणि दोघांनी एकमेकांना घट्ट धरायचे, एवढेच या शास्त्राचे मूळ आहे. राळ म्हणजे इथली माती आणि वाख म्हणजे भुसा.

कापूस उत्पादकांना एक उदाहरण आवडेल. पूर्व जर्मनीत १९५७ ते १९९१ या काळात ‘ट्राबांट’ नावाची छोटी मोटार बनत होती. तिच्या बाहेरच्या अंगाचे भाग पत्र्याचे नव्हते, ते कापसाच्या टाकाऊ तंतूंत फिनॉलची राळ दाबून केलेले होते. पोलादाची टंचाई होती म्हणून हा मार्ग धरला गेला. अशा सुमारे ३० लाख गाड्या रस्त्यावर आल्या. आपल्या देशात त्रिवेंद्रमच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात काथ्या, केळी आणि घायपात यांच्या तंतूंवर बराच अभ्यास झाला. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांपासून फळ्या तयार करण्याचे तंत्र विकसित केले. तेव्हा ही कल्पना हवेतली नाही. अडचण आहे ती वाख आणि राळ यांच्या स्वभावात.

वाख आणि राळ यांचे का जमत नाही

वाखाचा मुख्य भाग सेल्युलोजचा. केळीच्या वाखात तो साधारण ६० ते ६५ टक्के असतो. कापसात ९० टक्क्यांहून अधिक, तर काथ्यात ४० च्या आसपास. बाकीचा भाग हेमिसेल्युलोज, लिग्निन, पेक्टिन आणि थोडे मेण यांचा. सेल्युलोजचे धागे ही वाखाची खरी ताकद. लिग्निन आणि पेक्टिन हा त्यांना एकत्र चिकटवणारा चिखल, आणि मेण ही वरची तेलकट साय.

सेल्युलोजला आणि त्याहून जास्त हेमिसेल्युलोजला पाण्याची ओढ असते. म्हणूनच कोरडा दिसणारा केळीचा वाखही हवेतून १० ते १२ टक्के ओलावा धरून बसतो. राळेचे उलट आहे. पॉलिएस्टर असो की पॉलिप्रॉपिलीन, तिला पाणी नको असते. तेलकट भिंतीला चुना धरत नाही, तशी मेणचट वाखाला राळ धरत नाही. वरून बरी दिसणारी फळी पावसाळ्यात ओल धरते, वाख फुगतो, उन्हाळ्यात आकसतो आणि त्याच्याभोवती बारीक पोकळी तयार होते. पुढे त्या पोकळीतून पाणी आत शिरते आणि फळीला पोपडे सुटतात.

हे ओळखण्याची सोपी परीक्षा आहे. फायबरच्या टाक्या-दारे करणाऱ्या कारागिराकडून वाख घातलेली वीतभर पट्टी करून घ्यावी आणि ती मोडून तुटलेली कड निरखावी. ओल्या मातीतून मुळा उपटावा तसा वाख लांबच लांब, स्वच्छ निघून आला असेल तर राळेने त्याला धरलेच नव्हते. वाख कडेलगत आखूड तुटला असेल तर पकड चांगली आहे, कारण मग भार वाखावर आला आणि त्याची ताकद कामी आली. राळ व तिचा उत्प्रेरक मिसळण्याचे काम स्वतः करू नये; चुकीच्या क्रमाने मिसळल्यास भडका उडतो.

कॉस्टिक सोडा काय करतो

सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वाधिक वापरात असलेली प्रक्रिया कॉस्टिक सोड्याची आहे. जॉन मर्सर या इंग्रज कारागिराने १८५० मध्ये सुती कापडावर तीव्र कॉस्टिक सोडा वापरण्याचे पेटंट घेतले. आपण ‘मर्सराइज्ड’ सूत म्हणतो ते त्याच्या नावावरून. वाखासाठी त्याच्यापेक्षा बरेच सौम्य द्रावण वापरतात.

या द्रावणात वाख बुडवला की मेणाचा साबण होऊन तो निघून जातो. पेक्टिन व हेमिसेल्युलोज विरघळते, लिग्निनचाही काही भाग सुटतो. चिकटवणारा चिखल गेल्यामुळे जाड तंतू फुटून बारीक तंतू मोकळे होतात आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. खडबडीत, बारीक आणि स्वच्छ अशा तंतूवर राळेला बसायला जागा जास्त मिळते. पाण्याची ओढही थोडी कमी होते, पण पूर्ण जात नाही, हे विक्रेते सांगत नाहीत.

अंबाडी पाण्यात कुजवताना जिवाणू जे करतात, त्याचेच हे पुढचे पाऊल आहे. कुजवण्यात मुख्यतः पेक्टिन जाते. सोडा त्यापलीकडची साफसफाई करतो. म्हणून नीट कुजवलेल्या अंबाडीला सोडा कमी पुरतो, यंत्राने ओरबाडून काढलेल्या केळीच्या वाखाला जास्त लागतो.

प्रक्रिया अशी करतात. १ किलो स्वच्छ, वाळलेल्या वाखाला २० लिटर पाणी या प्रमाणात ५ टक्क्यांचे द्रावण घ्यावे, म्हणजे २० लिटरला १ किलो कॉस्टिक सोडा. वाख सैल जुड्या बांधून २ ते ४ तास बुडवून ठेवावा आणि अधूनमधून लाकडी दांड्याने हलवावा. नंतर काढून पिळावा, पाण्यातून दोनदा धुवावा, मग १ टक्का ॲसेटिक आम्लाच्या पाण्यातून काढावा आणि सामू ७ येईपर्यंत पुन्हा धुवावा. सामू पाहण्याचा रंगीत कागद शाळेच्या प्रयोगशाळेला माल पुरवणाऱ्या दुकानात मिळतो. वाख आधी सावलीत व नंतर हलक्या उन्हात वाळवावा. कडक उन्हात एकदम टाकल्यास तो ताठर होतो. साचात घालण्यापूर्वी कारखान्यात तो ६० ते ८० अंश सेल्सिअस तापमानात पुन्हा वाळवतात, कारण उरलेल्या ओलाव्याची वाफ होऊन राळेत फुगे येतात.

‘जास्त सोडा, जास्त वेळ, जास्त चांगले’ असा हिशेब इथे लागू पडत नाही. द्रावण १० टक्क्यांच्या वर गेले किंवा वाख रात्रभर विसरला गेला, तर सेल्युलोजलाही धक्का बसतो. असा वाख पिवळसर पडतो आणि बोटांत मुडपला की तुटतो. प्रक्रियेपूर्वीचे व नंतरचे दहा-दहा तंतू एकसारख्या लांबीचे घ्यावेत, त्यांना एकेक करून वजन टांगून पाहावे. प्रक्रिया केलेले तंतू स्पष्टपणे लवकर तुटत असतील तर पुढच्या खेपेला वेळ किंवा सोडा कमी करावा. १० किलो वाख टाकला तर प्रक्रियेनंतर साडेआठ ते नऊ किलोच हाती येतो. भाव ठरवताना ही घट धरावी.

काळजीचे दोन शब्द. सोडा नेहमी पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर ओतू नये. उकळी फुटून अंगावर उडते. ॲल्युमिनियमचे पातेले अजिबात वापरू नये, सोडा ते खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. जाड प्लॅस्टिकचे पिंप चांगले. रबरी हातमोजे, बूट आणि डोळ्यांना चष्मा हवाच. कॉस्टिक डोळ्यात गेला तर १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाण्याने सतत डोळा धुवून तडक दवाखाना गाठावा. तयार द्रावण रंगाने पाण्यासारखे दिसते. घरात लहान मुले असतील तर पिंपाला झाकण आणि कुलूप हवे.

मीठ जाते कुठे

आता खरा प्रश्न. १० किलो वाखाला २०० लिटर पाणी आणि १० किलो सोडा लागला, म्हणजे वाखाच्या वजनाइतकाच सोडा. काम झाल्यावर उरलेले तपकिरी पाणी आम्ल घालून सामू ७ वर आणले की ‘पाणी निर्धोक झाले’ असा समज आहे. तो चुकीचा आहे. सोडियम कुठेही जात नाही. १० किलो कॉस्टिक सोडा मिठाच्या आम्लाने मारला तर साडेचौदा किलो मीठ तयार होते. एक क्विंटल वाखामागे जवळजवळ दीड क्विंटल मीठ! शिवाय विरघळलेला सेंद्रिय भाग नदीत गेला की पाण्यातील प्राणवायू खातो आणि मासे मरतात.

आपल्या काळ्या जमिनीला सोडियम किती वाईट, हे चोपण झालेले वावर ज्याने पाहिले त्याला सांगायला नको. चिकणमातीचे कण सोडियमने सुटे होतात, पाणी झिरपत नाही, वाळल्यावर ढेकूळ फुटत नाही. एकदा चोपण झालेली भारी जमीन जिप्सम घालून, चर काढून सुधारायला वर्षे लागतात. आणि येलदरीचे पाणी म्हणजे एका गावाचे पाणी नव्हे. तेच पाणी पुढे सिद्धेश्वरला, कालव्यांना जाते, पिण्यासाठीही वापरले जाते, जलाशयात मासेमारीही चालते. दुष्काळी वर्षी साठा तळाला गेला की घाण पातळ करायलाही पाणी उरत नाही. नाल्यात सोडलेले दोन पिंप सोड्याचे पाणी पावसाळ्यात कदाचित कुणाच्या लक्षात येणार नाही. मार्च महिन्यात येईल.

यावर काही उपाय आहेत. एकदा वापरलेले द्रावण फेकू नये. पिळलेला वाख अंदाजे आपल्या वजनाच्या दोन-अडीच पट द्रावण घेऊन बाहेर येतो, थोडा सोडा प्रक्रियेत खर्च होतो. बाकीचा पिंपातच असतो. प्रत्येक खेपेला दोन-सव्वादोन किलो सोडा व कमी झालेले पाणी भरून काढले तर तेच २०० लिटर चार खेपांना पुरते. चाळीस किलो वाखाला ४० किलोऐवजी १७ किलोच्या आसपास सोडा लागतो. नेमके किती भरायचे ते कृषी महाविद्यालयात किंवा जवळच्या विज्ञान महाविद्यालयात आम्ल-अल्कली मोजणी करून घेतल्यास कळेल. पाणी गडद काळे झाले की मात्र ते बदलावे. धुण्याचे पाणीही उलट क्रमाने वापरावे : या खेपेचे शेवटचे, म्हणजे सर्वांत स्वच्छ पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला. नाहीतर १० किलो वाखामागे नुसत्या धुण्यालाच ७००-८०० लिटर पाणी जाते, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे एवढे पाणी कुणाकडे आहे?

टाकायचे पाणी नाल्यात, विहिरीजवळ किंवा वावरात सोडू नये. शेततळ्याचा जाड कागद अंथरलेल्या उथळ हौदात ते उन्हात आटवावे. कडक उन्हाळ्यात दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर पाणी उडते, म्हणजे १० चौरस मीटर हौदातून रोज १०० लिटर. त्यावरून आपल्याला किती मोठा हौद लागेल आणि आठवड्यात किती खेपा करता येतील याचा हिशेब आधी करावा. पावसाळ्यात हे काम बंदच ठेवावे. सांडपाणी निर्माण करणाऱ्या अशा उद्योगाला जल प्रदूषण प्रतिबंध कायद्याखाली (१९७४) महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, हेही लक्षात असावे.

खाण्याच्या सोड्याचे काय? घायपाताच्या वाखावर १० टक्के खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात सुमारे पाच दिवस ठेवून चांगले परिणाम मिळाल्याचे प्रयोग झाले आहेत. हात भाजत नाही, ही मोठी सोय. पण हिशेब मांडून पाहा. २०० लिटरला २० किलो खाण्याचा सोडा, त्यात सोडियम साडेपाच किलो. १० किलो कॉस्टिकमध्ये पावणेसहा. म्हणजे तो हाताला सौम्य आहे, जमिनीला नाही.

सोडियमऐवजी पोटॅशियमचा, म्हणजे कॉस्टिक पोटॅशचा विचार मनात येतो. केळीच्या खोडाची राख पूर्वी कपडे धुवायला वापरत, ती याच पालाशामुळे. उरलेल्या पाण्यातला पालाश पिकाच्या कामी येऊ शकतो. मात्र त्याची किंमत बरीच जास्त, ५ टक्के सोड्याइतके बळ यायला ७ टक्के पोटॅश लागते आणि वाखही तितका फुगत नाही. कागदावर चांगला दिसणारा हा मार्ग आजतरी परवडणारा वाटत नाही.

काय कारखान्यावर सोडावे

सोड्याच्या पुढेही प्रक्रिया आहेत. ॲसेटिक ॲनहायड्राइडने वाखाची पाण्याची ओढ मोडतात. सिलेन नावाच्या सिलिकॉनयुक्त रसायनाचे एक टोक वाखाला आणि दुसरे राळेला धरते, दोन बैलांना जोडणाऱ्या जुवासारखे. पॉलिप्रॉपिलीनमध्ये तर बहुधा वाखाऐवजी प्लॅस्टिकमध्येच मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेला थोडा भाग मिसळतात. ही रसायने महाग, काही ज्वालाग्राही, काही डोळ्या-फुप्फुसांना घातक. ती शेतावर आणूच नयेत.

आमचे मत स्पष्ट आहे : गिऱ्हाइकाने लेखी मागितल्याशिवाय कॉस्टिकची प्रक्रियाही शेतकऱ्याने करू नये. कोणत्या राळेत, कोणत्या साच्यात वाख जाणार यावर प्रक्रिया ठरते आणि कारखान्याचे प्रमाण आपल्यापेक्षा वेगळे असू शकते. प्रक्रिया केलेला वाख गोणीत सहा महिने पडला तर पुन्हा ओल आणि धूळ धरतो. दोरी, कागद, चटईसाठी तर या प्रक्रियेची गरजही नसते. शेतकऱ्याच्या हाती आहे ते दुसरे काम, आणि बहुतेक माल तिथेच नापास होतो : वाख एकसारखा, स्वच्छ आणि कोरडा असणे.

केळीचे खोड घड उतरल्यावर एक-दोन दिवसांतच यंत्रावर घालावे. शिळ्या खोडाचा वाख तपकिरी निघतो. बाहेरची सोपटे जाड तंतू देतात, आतली मऊ. दोन्ही वेगळी ठेवावीत. यंत्रातून निघालेला वाख लगेच स्वच्छ पाण्यात खंगाळून विंचरावा, दोरीवर सावलीत वाळवावा. गर चिकटून राहिला तर पुढे कितीही सोडा वापरला तरी तो साफ होत नाही. अंबाडी फुलोऱ्यावर आल्यावर कापावी आणि स्वतंत्र खड्ड्यात कुजवावी, जलाशयाच्या काठाला नाही. घायपाताच्या रसाने अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत.

यंत्र घेण्यापूर्वी एक आकडा घोकून ठेवावा. ओल्या केळीच्या खोडातून वजनाच्या सुमारे १ टक्का वाख मिळतो. म्हणजे २० किलो वाखासाठी दोन टन खोडे तोडणे, वाहणे आणि यंत्रात घालणे आले. घायपाताच्या पानात हे प्रमाण ३ ते ५ टक्के पडते. ‘यंत्र घ्या, वाख आम्ही उचलू’ असे तोंडी सांगणाऱ्याला भाव, प्रत, ओलाव्याची मर्यादा आणि माल उचलण्याची मुदत कागदावर मागावी. कागद मिळाला नाही तर यंत्रही घेऊ नये. यंत्र फिरते असेल आणि पाच-सात बागायतदारांनी मिळून घेतले असेल तर खोडांच्या वाहतुकीचा खर्च वाचतो. निघालेला चोथा बागेतच परत टाकावा, त्यात पालाश भरपूर असतो. तो गेला तर पुढच्या वर्षी पोत्यातून विकत आणावा लागेल. खोडाच्या रसापासून द्रवरूप खत तयार करण्याचे तंत्र गुजरातमधील नवसारी कृषी विद्यापीठाने विकसित केले आहे, त्याचीही माहिती घ्यावी.

कारखान्याला नमुना पाठवायचा असेल तर किलोभर प्रक्रिया न केलेला वाख पुरेसा आहे. तो कोरड्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि सोबत चिठ्ठीवर पीक व वाण, खोड तोडल्याची तारीख, बाहेरची की आतली सोपटे, कुजवून की यंत्राने काढला, किती दिवस वाळवला आणि आपण महिन्याला किती किलो देऊ शकतो, एवढे लिहावे. तेवढाच, त्याच प्रतीचा दुसरा किलो आपल्याजवळ राखून ठेवावा. पुढे प्रतीवरून वाद झाला तर तो दाखवता येतो.